वादळात कुत्र्यामांजरांना घेऊन जायचं कुठे, हे पंचायतीने मे महिन्यातच सांगावं

मे महिना अर्धा सरला की गोव्यात सगळ्यांची एकच धावपळ सुरू होते. कौलं परतून घ्यायची, माडाच्या सुकलेल्या झावळ्या पाडेलीकडून उतरवून घ्यायच्या, पुरुमेंत भरायचं, म्हणजे सुकी मासळी, सोलं, चिंच, मिरच्या, उकडे तांदूळ. वीज खात्याची माणसं तारांवर आलेल्या फांद्या छाटत फिरतात, तालुक्याच्या ऑफिसात मान्सूनपूर्व मीटिंग होते, कंट्रोल रूमचे नंबर पेपरात छापून येतात, गटारं उपसल्याचे फोटो येतात (उपसलेली माती गटाराच्या काठावरच ठेवलेली असते, ती पहिल्या पावसात परत आत). सगळं ठीक आहे. पण घरात कुत्रा असेल, मांजर असेल, मागे खोपीत दोन बकऱ्या असतील तर पाणी चढल्यावर किंवा छपराचे पत्रे उडाल्यावर त्यांना घेऊन जायचं कुठे, हे त्या मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही आणि खरं सांगायचं तर आपण ग्रामसभेत पण कधी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक पंचायतीने पावसाआधी एक तरी जागा ठरवून जाहीर करावी जिथे लोक आपल्या जनावरांसकट येऊ शकतील, आणि तिथे गेल्यावर गेटवर कोणी अडवणार नाही. हे मी प्राण्यांवर प्रेम आहे म्हणून मागत नाहीये. प्रेम आहेच, पण ते बाजूला ठेवा. मुद्दा माणसांचा आहे. कुत्रा बाहेर ठेवा म्हटलं की त्या कुत्र्याचा माणूस पण घरातच थांबतो, आणि मग त्याला काढायला रात्री दोन वाजता फायर ब्रिगेडची बोट पाठवावी लागते.

आधी त्या समजुतीबद्दल बोलू की चक्रीवादळं म्हणजे ओडिशा-आंध्राची भानगड, गोव्याला फक्त पाऊस. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा समुद्रात गेलेल्या बोटींचं काय झालं ते मच्छीमारांच्या घरात विचारा. १६ मे २०२१, रविवार होता, तौक्ते नुसतं किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातकडे गेलं, गोव्यात जमिनीवर आलंच नाही, तरी झाडं, खांब, पत्रे सगळं आडवं झालं आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस लाइट नव्हती, ते पण कोविडची लाट ऐन जोरात असताना. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या वीसेक वर्षांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढलीये. म्हणजे ही पाहुणी आता नेहमीची होणार.

आणि वादळ म्हणजे फक्त वारा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडलं आणि पेडण्यात इब्रामपूर, हणखणे, चांदेल, इकडे डिचोलीत साळ, ही गावं पाण्यात गेली. २३ जुलै २०२१ ला तर सत्तरी-डिचोलीत म्हादईने जो काही धुमाकूळ घातला तो १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर, असं मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. मातीच्या भिंतींची घरं बसली, म्हणजे अक्षरशः खाली बसली, भिंत भिजली की ती पडत नाही, विरघळते. अशा घरात राहणारे लोक कोण, तर बहुतेक मुंडकार (म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेले), शेतमजूर, बागायतीत काम करणारे. कुत्रा नाही असं यातलं घर शोधून सापडायचं नाही.

डिचोली तालुक्यात नदीकाठी माझी मावशी राहते, तिच्या शेजारच्या आजींचं सांगतो. पहाटे पाणी अंगणात आलं, गावातल्या पोरांनी ट्रक आणला, ट्रक उंच म्हणून पाण्यातून जाऊ शकत होता. आजी बोचकं घेऊन, कागदपत्रांची पिशवी पोटाशी धरून आल्या, मागे दोरीला बांधलेला म्हातारा काळा कुत्रा, मागचा एक पाय लंगडा. ट्रकवरचा माणूस, वाईट नव्हता बिचारा, त्याला वरून जे सांगितलेलं तेच तो बोलला, "आजी, सुण्याक हाडूं नाका, पयलीं तूं चड, सुण्याचें मागीर पळोवया." म्हणजे कुत्र्याला आणू नका, आधी तू चढ, कुत्र्याचं नंतर बघू. आजींनी विचारलं, "मागीर म्हळ्यार केन्ना?" नंतर म्हणजे केव्हा? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आजी वळल्या आणि परत घरात गेल्या, ओट्यावर चढून बसल्या. ट्रकमध्ये आधीच बसलेली बायकापोरं भिजतायत, पाणी वाढतंय, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि दोन पोरं आजींची समजूत काढतायत. शेवटी एकाने मासळीचा प्लास्टिकचा क्रेट आणला, कुत्र्याला त्यात बसवलं आणि क्रेटच ट्रकवर चढवला. शाळेत पोचल्यावर दुसरा अंक. आत कुत्रा चालणार नाही, इथे जेवण शिजतंय. मग रात्रभर आजी ओल्या लुगड्यात शाळेच्या बाहेरच्या पडवीत कुत्र्याशेजारी बसून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला म्हणून त्यांना हेल्थ सेंटरला न्यावं लागलं.

आता सांगा, यात नियम पाळून कोणाचं भलं झालं? ट्रकचा अर्धा तास गेला, बाकीचे ताटकळले, म्हातारीचा ताप वेगळा. तो कुत्रा पहिल्याच मिनिटाला चढवला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

आजी हट्टी होत्या असं म्हणून विषय संपवता येत नाही कारण जगभर माणसं हेच करतात. अमेरिकेत २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरीना चक्रीवादळ आलं, न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, तिथे निवाऱ्यात आणि बसमध्ये प्राणी घ्यायचे नाहीत असाच दंडक होता. नंतर फ्रिट्झ इन्स्टिट्यूटने पाहणी केली तेव्हा जे लोक घर सोडून गेले नाहीत त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांनी सांगितलं की पाळीव प्राण्याला सोडून जायचं नव्हतं हे एक कारण. ४४ टक्के! हे काही चार सनकी लोक नाहीत. त्यावरून तिथे २००६ मध्ये कायदा झाला, राज्यांना आपत्तीसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर तुमच्या स्थलांतराच्या प्लॅनमध्ये घरातल्या प्राण्यांचं काय करणार ते लिहिलेलं असलं पाहिजे. कळवळ्यातून आलेला नाही हा कायदा, हिशोबातून आलाय. आपल्या शेजारचंच बघायचं तर २०१८ च्या ऑगस्टमधला केरळचा पूर आठवा, त्रिशूरमध्ये एका बाईने आपल्या २५ कुत्र्यांशिवाय बोटीत बसायला साफ नकार दिला आणि शेवटी कुत्र्यांना पण काढावं लागलं. तेव्हा सगळ्यांनी व्वा व्वा केलं, बातम्या फिरल्या, पण त्यातून शिकलो काय तर शून्य.

मला नेहमी वाटतं की याचं मूळ कागदात आहे. जे कागदावर नाही ते सरकारला दिसत नाही. आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, त्यात जीवितहानी, माणसांचे हाल, मालमत्तेचं नुकसान, पर्यावरणाचं नुकसान असं सगळं आहे. जनावर त्यात कुठे बसतं, तर मालमत्तेत. भरपाईचे केंद्राचे नॉर्म्स बघा, २०२२ ते २०२६ साठीचे, दुभती गाय किंवा म्हैस गेली तर ३७,५०० रुपये, बकरी नाहीतर डुक्कर गेलं तर ४,०००, कोंबडी १०० रुपये. कुत्रामांजर त्यात नाहीच. मला कुत्र्याचे पैसे नकोत, कोणालाच नको असतील. पण गंमत बघा, कोंबडीची नोंद करायला तलाठी येतो म्हणून कोंबडी सरकारी वहीत आहे, आणि जिच्यामुळे म्हातारी माणसं घर सोडत नाहीत ती गोष्ट वहीतच नाही.

गायीम्हशींचा विचार निदान किनाऱ्यावरच्या गरीब देशांनी फार आधी केलाय. बांगलादेशात १९७० च्या त्या भयंकर वादळानंतर मातीचे उंच उंच भराव घातले, त्यांना ते किल्ला म्हणतात, वादळाचा इशारा आला की गुरं तिथे हाकायची. का, तर गुरं मागे राहिली की पुरुष मागे राहतात आणि पुरुष मागे राहिले की बायका निघत नाहीत. जपानने २०११ च्या त्सुनामीनंतर, फुकुशिमात लोकांना प्राणी टाकून निघावं लागल्यावर, २०१३ मध्ये सरकारी मार्गदर्शिकाच काढली की घर सोडताना प्राण्याला बरोबर घेऊन निघा. त्यात एक शहाणपणाची गोष्ट अशी की बरोबर निघा म्हणजे एकाच खोलीत झोपा असं नाही, निवाऱ्याच्या आवारात त्यांची जागा वेगळी असू शकते. इकडे आपल्यात वाद सुरू झाला की लगेच दोन टोकं. एक म्हणतो कुत्रे माणसांच्या अंथरुणात घालणार काय, दुसरा म्हणतो तुम्हाला दया नाही. अरे बाबांनो, मध्ये एक भिंत घाला ना, प्रश्न मिटला.

आता विरोधातलं जे बोललं जातं त्यातलं काही खरंच वजनदार आहे, ते उडवून लावायचं नाहीये. निवाऱ्यात लहान मुलं असतात, कोणाला कुत्र्याची भीती असते, कोणाला मांजराच्या केसांनी दमा होतो, कोणाला धर्मामुळे कुत्रा जवळ नको असतो, त्यांचा हक्क आजींएवढाच आहे. घाबरलेला कुत्रा चावू शकतो, चांगल्या घरातला पण, गडगडाटात आणि अनोळखी माणसांत शेपूट घातलेला कुत्रा जास्त चावतो उलट. दहा कुत्रे एका हॉलमध्ये आले तर रात्रभर भुंकणार, कोणाला झोप नाही. घाण कोण काढणार हा तर सगळ्यात खरा प्रश्न, आणि तो विचारणारा माणूस बहुतेक वेळा शाळेचा शिपाई असतो कारण शेवटी त्याच्याच गळ्यात पडणार हे त्याला माहीत असतं. पण हे सगळे आक्षेप वेगळी खोली का हवी, दावणीला अंतर का हवं, मालकाने स्वतः साफ करायचं हा नियम का हवा, एवढंच सांगतात. बंदी का हवी ते यातून कुठे निघतं? ऐन वेळी गेटवर निर्णय घ्यायला लावला की मात्र बंदीच होणार, कारण त्या क्षणी जो माणूस गेटवर उभा असतो त्याच्या हातात नाही म्हणणं हेच सोपं असतं.

रेबीजचं पण कोणी ना कोणी काढतंच. त्यावर मला उलट गोव्याचा अभिमान वाटतो. इथे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून दारोदार जाऊन कुत्र्यांना लशी दिल्या, पाळलेल्या आणि रस्त्यावरच्या दोन्ही, आणि २०२१ मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं. लस देणारी ती पोरं जाळी घेऊन वाड्यावाड्यावर फिरतात आणि कुठल्या ठिकाणी कोणत्या कुत्र्याला लस दिली हे मोबाइल अ‍ॅपवर टाकतात. म्हणजे कुठल्या वाड्यावर साधारण किती कुत्रे आहेत हे माहीत नाही असं म्हणायची सोय गोव्याला राहिलेली नाही. दुसऱ्या राज्यांना ही माहिती जमवायला वर्षं लागतील, आपल्याकडे ती पडून आहे, फक्त पशुसंवर्धनवाले आणि आपत्तीवाले एका टेबलावर बसले पाहिजेत.

आणखी एक आक्षेप, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. हे ऐकलं की मला हसू येतं. श्रीमंताला पंचायतीच्या निवाऱ्याची गरजच पडत नाही, तो गाडीत लॅब्रडॉर घालून पर्वरीला भावाच्या फ्लॅटवर जातो. आसगाव, हणजूण, मोरजी बाजूला पेट फ्रेंडली म्हणून बोर्ड लावलेले व्हिला आणि हॉटेलं पैशाला पासरी आहेत, दिल्लीहून आलेल्या पाहुण्याच्या कुत्र्याला तिथे वेगळी गादी, वेगळं भांडं. आणि त्याच गावातल्या माणसाच्या कुत्र्याला पुराच्या रात्री पंचायतीच्या हॉलची पायरी चढायची नाही. चोचले कोणाचे चाललेत ते तुम्हीच ठरवा.

जागा नाही असंही सांगतील. गोव्यात जागा नाही हे एरवी मी मान्य करतो, पण या कामाला जागा आहे. पटसंख्या घटली म्हणून बंद पडलेल्या सरकारी प्राथमिक शाळा कितीतरी गावांत रिकाम्या उभ्या आहेत, दोन खोल्या, पुढे पडवी, बहुतेक वेळा उंचवट्यावर, विहीर जवळ. काहींत मंडळं चालतात, काहींत फक्त वटवाघळं. माणसांचा निवारा जिथे आहे त्याच्या जवळची अशी एक इमारत प्राण्यांसाठी ठेवायला काय लागतं? खिडक्यांना जाळी, भिंतीत पक्क्या कड्या, प्रत्येक कडीत एवढं अंतर की दोन कुत्रे एकमेकांपर्यंत पोचणार नाहीत, मांजरांना वेगळी खोली, पाण्याचं पिंप, फिनेल, जुनी वर्तमानपत्रं, भुसा. भुसा लाकडाच्या गिरणीत मिळतो. जिथे अशी शाळा नाही तिथे देवळांच्या अग्रशाळांच्या, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांच्या, मागचं आवार आहे, चर्चच्या हॉलची पडवी आहे, विचारून बघायला हरकत नाही, आत नको म्हणतील तर आवारात तरी. आपत्तीच्या वेळी ही मंडळी एरवीपेक्षा मोठ्या मनाची होतात असं मी बघितलंय. आणि प्रत्येक तालुक्यात आपदा मित्र म्हणून ट्रेनिंग दिलेली पोरं आहेत, त्यांच्यातल्या दोघांना मुसकी बांधणं, दोरीचा फास, मांजर पकडणं हे एका दिवसात शिकवता येईल, सरकारी पशुवैद्यक शिकवतील.

सगळ्यात अवघड मामला वाड्यावरच्या कुत्र्यांचा. गोव्यात कुत्रा अर्धा कोणाचातरी असतो. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या मागे पळतो, दुपारी एका घरी पेज, संध्याकाळी दुसऱ्या घरी माशांची डोकी, झोपायला तिसऱ्याची बाल्काव, म्हणजे दारापुढची पडवी. याचा मालक कोण? आणि किनाऱ्यावर तर शॅक ३१ मेला बंद होतात, तिथे वर्षभर उरलंसुरलं खाऊन जगलेली कुत्री ऐन पावसात उपाशी. यांना सगळ्यांना निवाऱ्यात नेता येणार नाही, हे मला मान्य आहे, तसं वचन दिलं तर ते खोटं वचन होईल. मोकळा कुत्रा स्वतःची सोय बघतो, तो टेकडीवर चढतो, कोणाच्या गच्चीवर जातो. मरतो तो बांधलेला. साखळीत अडकलेला कुत्रा, खुराड्यातल्या कोंबड्या, गोठ्यात दाव्याला बांधलेली गाय, पाणी चढतं आणि मान तेवढ्याच दोरीत अडकते. म्हणून जी गोष्ट फुकट आहे ती तरी करायलाच पाहिजे. लाल अलर्टचा मेसेज जातो, आता तर फोन खणखणतोच सरकारी इशाऱ्याने, त्या मेसेजमध्ये एक ओळ घाला की जनावर बरोबर नेता येत नसेल तर दावं सोडा, साखळी काढा. एका ओळीला काय खर्च आहे?

मालकांना पण दोन शब्द सुनवायला हवेत, नाहीतर सगळं सरकारवर ढकलून आपण मोकळे. पंचायतीने जागा दिली तरी तिथे नेता येईल असा कुत्रा तुमच्याकडे आहे का? ज्याला जन्मात कधी दोरी लावलेली नाही त्याला पावसात, पाण्यात, टॉर्चच्या उजेडात दोरी लावून ट्रकवर चढवणं जमणार नाही. ज्या मांजराने पिंजरा फक्त डॉक्टरकडे जाताना बघितलाय ते पिंजरा दिसताच माळ्यावर जाऊन बसतं आणि मग तुम्ही माळ्यावर आणि पाणी ओट्यावर. पिंजरा मे महिन्यापासून घरात उघडा ठेवा, आत जुनी चादर, कधी कधी आतच एखादा बांगड्याचा तुकडा, मांजर आपणहून त्यात झोपायला लागतं. पिंजरा नसेल तर जाड उशीचा अभ्रा चालतो, मागून चादरीसकट मांजर उचलायचं, अभ्र्यात सरकवायचं, तोंड बांधायचं, त्याला श्वास घेता येतो आणि अंधारात ते गप्प बसतं, तुमचे हात पण वाचतात. वारा सुरू व्हायच्या आधी मांजर घरात घ्या, कारण एकदा ते लपलं की हाका मारून येत नाही.

कुत्र्याच्या पट्ट्यावर पर्मनंट मार्करने फोन नंबर लिहा, आतल्या बाजूला. मायक्रोचिप चांगली, पण पुरात ती वाचायचं मशिन कोणाकडे असणार? रेबीजच्या लशीचं कार्ड आधारकार्डाच्या पिशवीतच ठेवा, प्लास्टिकमध्ये, आणि कार्डावरची लस चालू वर्षाची असू दे. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लस पण कुत्र्याला द्या. उंदरांच्या मुतातून तो जंतू पुराच्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्यामुळे माणसाला पण होऊ शकतो, पूर ओसरला की हेल्थ सेंटरमध्ये लेप्टोचे पेशंट दिसायला लागतात ते उगाच नाही. वादळ गेल्यावर लगेच कुत्रा मोकळा सोडू नका, तुटलेली तार पाण्यात पडलेली असते, चार पायांच्या जनावरात पुढचे आणि मागचे पाय लांब असतात त्यामुळे जमिनीतून जाणारा करंट त्याला आपल्यापेक्षा जास्त जोरात बसतो, गाय तर जागच्या जागी जाते. आणि त्याच्या मागे धावत तुम्ही जाल, म्हणून सांगतोय.

हे मालकाचं काम झालं. यातलं काहीच न करता ऐन वेळी दोन रॉटवायलर घेऊन गेटवर भांडणारा माणूस आला तर कुत्र्यांना मुसकी बांधल्याशिवाय त्याला आत घेऊ नये, तिथे मी गेटवाल्याच्या बाजूने आहे. नियम असलाच पाहिजे, फक्त तो लोकांना आधी माहीत असला पाहिजे. लस, दोरी, मुसकी किंवा पिंजरा, स्वतःचं खाणं, स्वतःची साफसफाई. पाच गोष्टी. पंचायतीच्या बोर्डावर एका कागदात मावतात.

पैशाचं म्हणाल तर दोन खोल्यांना जाळी आणि कड्या लावायचा खर्च पंचायत एका वर्षी कमानीला, दुसऱ्या वर्षी पेव्हर्सना जो पैसा घालते त्यापुढे काहीच नाही. आमच्या वाड्यावरचे पेव्हर्स तर घालून झाल्यावर सीवरेजवाल्यांनी उखडले, मग परत घातले, मग केबलवाल्यांनी उखडले, ते असो.

माझी सूचना अशी की एप्रिल-मेच्या ग्रामसभेत कोणीतरी उठून हा विषय लेखी द्या, सचिवाकडून पोच घ्या. भाषण करायला गेलात तर पंच मंडळी माना डोलावतील आणि चहा आला की विषय संपेल. चार गोष्टी लिहून मागा. आपल्या पंचायतीत प्राण्यांसकट लोकांनी जायची इमारत कोणती, ती नकाशावर दाखवा. ट्रक किंवा बोटीवर प्राणी घ्यायचा की नाही हे त्या ड्रायव्हरला आधी कोण सांगणार, कारण त्याला वरून ऑर्डर नसेल तर तो आजींना नाहीच म्हणणार, त्याचा दोष नाही. सरकारी पशुवैद्यक त्या दिवशी कुठे असणार. आणि चौथं, हे हसण्यावारी नेऊ नका, त्या इमारतीची चावी कोणाकडे असणार, त्या माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर, आणि तो गावात नसला तर दुसरी चावी कोणाकडे. कारण आमच्याकडच्या हॉलची चावी जिच्याकडे असते ती व्यक्ती गेल्या दोन अलर्टांना नेमकी मुलीकडे सावर्ड्याला होती.